गीझर घेताय? आधी न्हाणीघराची खिडकी बघा

दिवाळीचं अभ्यंगस्नान आटोपतं, पहाटे अंगावर शिरशिरी यायला लागते आणि घरोघरी एक जुनाच विषय नव्याने निघतो. यंदा गीझर बदलायचा का? ज्यांच्या परसात अजून बंब आहे, त्यांना रोजची राख काढायचा कंटाळा आलेला असतो. ज्या बादलीत हीटरचा रॉड सोडतात, त्यांचा जीव बादली भरून होईपर्यंत टांगणीला. ‘अरे, हात घालू नकोस’ म्हणून स्वयंपाकघरातून ओरडत राहायचं. आणि ज्यांच्याकडे टाकीचा गीझर आहे, त्यांच्याकडे पहिल्याला कढत, दुसऱ्याला कोमट आणि तिसऱ्याला गार, असा रोजचा न्याय. दुकानात गेलं की दुकानदार म्हणतो, ‘‘ताई, टाकीचा जमाना गेला आता. इन्स्टंट घ्या. नळ सोडला की गरम पाणी. विजेवरचा घ्या, गॅसवरचा घ्या, दोन्ही आहेत.’’

नळ सोडला की गरम पाणी! जिने वीस-वीस वर्षं पहाटे उठून घरातल्या सगळ्यांचं पाणी तापवलंय, विसण घालून दिलंय, ‘उठा आता, पाणी निवतंय’ म्हणून हाका मारल्यात, तिला हे वाक्य ऐकूनच निम्मा थकवा गेल्यासारखा वाटतो. त्यात काही गैर नाही. मी स्वतः टाकी नसलेल्या गीझरच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. पण ‘दोन्ही आहेत’ हे दुकानदार ज्या सहजपणे म्हणतो ना, त्या सहजपणाशी माझं भांडण आहे. विजेवरचा आणि गॅसवरचा या एकाच वस्तूच्या दोन जाती नव्हेत. एक न्हाणीघरात लावायची वस्तू आहे आणि दुसरी न्हाणीघरात लावायची वस्तूच नाही.

आधी पैशाचं बोलू, कारण घरात पहिला प्रश्न तोच येतो.

इन्स्टंट घेतला की विजेचं बिल निम्म्यावर येतं, असं सांगतात. येत नाही. एक बादली पाणी तापायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच, मध्ये टाकी असो की नसो. हिवाळ्यात नळाचं पाणी १७ अंश धरा, आंघोळीचं ४२ अंश. २० लिटरच्या बादलीला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. घरात पाच माणसं असली तर दिवसाला तीन युनिटच्या आसपास, महिन्याला ८५ ते ९०. हा आकडा कुठल्याही कंपनीच्या गीझरला चुकत नाही. टाकीच्या गीझरमध्ये जास्तीची वाया जाते ती टाकीतलं पाणी पडून राहून निवतं तेवढीच. अमेरिकेत घरोघरी मोठाल्या टाक्या रात्रंदिवस गरम ठेवतात, त्यामुळे तिकडे टाकी काढून टाकली की बिलात फरक दिसतो. आपल्याकडे शेवटची आंघोळ व्हायच्या आत सासूबाई बटण बंद करून आलेल्या असतात. तिथे वाचवायला उरलंय काय?

फरक आहे तो वेळेचा आणि वायरचा. विजेचा साधा इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा असतो. त्यातून वर सांगितलेल्या हिवाळ्यातल्या पाण्याची एक बादली भरायला साधारण १२ मिनिटं लागतात. गार दिवस नसतील, नळाचं पाणी २५ अंशांचं असेल आणि तुम्हाला ४० अंश पुरत असेल, तर सातच मिनिटं. म्हणजे ‘नळ सोडला की गरम पाणी’ हे खरं, पण तो नळ करंगळीएवढ्या धारेने सोडायचा. भसाभसा सोडलात तर पाणी कोमट येणार आणि मग ‘गीझर फसवा निघाला’ म्हणून दुकानदाराला शिव्या.

आपल्या गावांकडे यात आणखी एक भानगड असते, ती म्हणजे व्होल्टेज. सकाळी साडेसहाला आळीतले सगळे गीझर, मोटारी, मिक्सर एकदम सुरू झाले की दिवे पिवळे होतात, पंखा पेंगायला लागतो. २३० चं व्होल्टेज १८० वर आलं की ३ किलोवॅटचा गीझर जेमतेम १.८ किलोवॅटचं काम करतो. मग तीच बादली १२ मिनिटांऐवजी १९-२० मिनिटं घेते. शाळेच्या डब्यांची घाई असलेल्या घरात ही सात-आठ मिनिटं किती मोठी असतात, ते तुम्हाला काय सांगायचं!

आणि वायर. ३ किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट हवा, मीटरच्या बोर्डापासून थेट आलेली जाड वायर हवी, स्वतंत्र एम.सी.बी. हवा. शॉक बसायच्या आत वीज तोडणारं उपकरण मिळतं, इलेक्ट्रिशियन त्याला ई.एल.सी.बी. किंवा आर.सी.सी.बी. म्हणतात, तेही हवं. अर्थिंग तर हवंच हवं. जुन्या घरांमधून अर्थिंगची तार भिंतीतून निघते खरी, पण पुढे ती जमिनीत कुठे पुरलीय हे विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही. ते आधी तपासून घ्या. विजेच्या बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तोही बघा. एक किलोवॅटच्या मंजुरीवर तीन किलोवॅटचा गीझर लावून मग ‘फ्यूज का उडतो’ असं विचारण्यात अर्थ नाही. शिवाय बिलाचे टप्पे असतात. पहिल्या १०० युनिटचा दर वेगळा आणि १०१ ते ३०० चा बराच चढा. ज्यांचं बिल आज ८०-९० युनिटमध्ये बसतंय, त्यांची गीझरची जवळजवळ सगळी युनिटं वरच्या दराने लागतील. हे गणित दुकानात कोणी करून देत नाही. ते घरी बिल हातात घेऊन आपणच करायचं.

एवढं सगळं ऐकल्यावर गॅसचा गीझर सोन्यासारखा वाटायला लागतो, हे मला माहीत आहे. व्होल्टेजची कटकट नाही, वायरिंग नको, वीज गेली तरी दोन सेलवर भपकन पेटतो आणि हिवाळ्यातली बादली साडेतीन मिनिटांत भरतो. भारनियमनाच्या त्या वर्षांत, जेव्हा गावाकडे बारा-बारा तास वीज नसायची, तेव्हा गॅस गीझर हे वरदानच वाटायचं. पाच माणसांच्या घरात, हिवाळ्यात, फक्त आंघोळीसाठी वापरला तर १४.२ किलोचं सिलिंडर साधारण ५० दिवस पुरतं. हिशेब मांडला तर अनेक घरांत तो विजेच्या जवळपास बसतो, कुठे थोडा स्वस्त, कुठे थोडा महाग.

पण गॅसचा गीझर म्हणजे काय, ते जरा डोळ्यांपुढे आणा. तो पूर्ण चालू असतो तेव्हा तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. आपल्या शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण उघडला तर तासाला दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर जाळतो. म्हणजे गॅस गीझर न्हाणीघरात लावणं म्हणजे पाच मोठे बर्नर एकदम पेटवून, दार लावून, कडी घालून आत बसणं. स्वयंपाकघरात अशी दारं-खिडक्या बंद करून पाच शेगड्या पेटवाल का हो? नाही ना?

आता हवेचा हिशेब. एक किलो गॅस नीट जळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. आपलं न्हाणीघर ते केवढं! पाच फूट बाय चार फूट, उंची आठ फूट. त्यात हवा मावते साडेचार घनमीटर. वीस मिनिटं गीझर चालला तर तेवढी सगळी हवा त्यालाच लागेल. दाराखालच्या फटीतून थोडी येत राहते, मधून मधून दार उघडतं, म्हणून बऱ्याच घरांत बरीच वर्षं काही होत नाही. आणि काही होत नाही म्हणून कोणाचा विश्वास बसत नाही. पण हवा कमी पडायला लागली की ज्योत अर्धवट जळते आणि त्या अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. गॅस गळला की जो घाण वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. गॅस जळाला की तोही जातो. ‘वास आला असता ना!’ असं म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण रक्तात प्राणवायू पोचत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. दार उघडायला पाहिजे हे कळतं, पण पाय उचलत नाहीत. मग शुद्ध हरपते. दर हिवाळ्यात न्हाणीघरात बेशुद्ध सापडलेल्यांच्या, दगावलेल्यांच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. काही जणांना अशा वेळी आकडीसारखे झटकेही येतात. आपल्याकडच्या डॉक्टरांनी याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावच दिलेलं आहे. फिट आली म्हणून पेशंटला आणायचं आणि चौकशी केल्यावर कळायचं की फिट आली ती न्हाणीघरात, गीझर चालू असताना.

आता मैत्रिणींनो, खरा मुद्दा. घरात शेवटी आंघोळ कोण करतं?

बहुतेक घरांत आपणच. सगळ्यांचे डबे, सगळ्यांची पाणी, देवपूजेची तयारी, मग ‘आता मी जाते’ म्हणून आपण न्हाणीघरात शिरतो. तोवर एकामागून एक चार आंघोळी होऊन गेलेल्या असतात. आतली हवा आधीच कोंदलेली असते. आणि आपण काही पाच मिनिटांत बाहेर येत नाही. केस धुवायचे असतात. सगळ्यांचे आतले कपडे तिथेच चोळून टाकायचे असतात. गुरुवार-शुक्रवार असला की न्हाणं असतं, त्यात अर्धा तास सहज जातो. घरातले पुरुष पाच-सात मिनिटांत आटोपून बाहेर, आणि घरातली बाई त्याच बंद खोलीत, चालू गीझरखाली सगळ्यांत जास्त वेळ. गीझर पसंत करताना मात्र ‘लिटर किती, रंग कुठला, स्कीम काय’ हे ठरवणारे वेगळे आणि त्याच्याखाली अर्धा तास उभी राहणारी वेगळी.

त्यात भर म्हणजे आपल्याला चक्कर आली, डोकं दुखलं, तर कारणं आधीच तयार असतात. ‘उपास केला असशील.’ ‘बी.पी. लो झालं असेल.’ ‘रात्री झोप नाही झाली.’ ‘रक्त कमी आहे तुझं, गोळ्या घे.’ रक्त कमी असेल तर हा वायू अधिकच घातक, कारण आधीच प्राणवायू कमी वाहून नेला जातोय. घरात गरोदर सून असेल तर पोटातल्या बाळाला धोका आईपेक्षाही जास्त. न्हाणीघरातून बाहेर आल्यावर डोकं जड वाटतं, गार वाऱ्यात पाच मिनिटं बसलं की बरं वाटतं, असं जर दर हिवाळ्यात होत असेल तर ती उपासाची चक्कर समजू नका. आधी वर बघा, भिंतीवर काय लावलंय ते.

यावर घरातल्या शहाण्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं. खिडकी आहे की! एक्झॉस्ट फॅन आहे की! बरं, खिडकी आहे. पण ती गल्लीकडे उघडते, नाहीतर शेजाऱ्यांच्या जिन्याकडे. म्हणून तिला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं किंवा प्लायचा तुकडा ठोकलेला असतो. थंडीत तर ती कोणी उघडतच नाही. बाईमाणसाने आंघोळ करताना खिडकी उघडी ठेवावी, हे सांगायला सोपं आहे, पण सांगणारा त्या न्हाणीघरात आंघोळ करत नसतो. आणि एक्झॉस्ट फॅन? तो विजेवर चालतो. गॅस गीझर घेतला होता कशासाठी, तर वीज जाते म्हणून. वीज गेली की पंखा थांबतो आणि गीझर सेलवर चालूच राहतो! शिवाय दार घट्ट बंद असेल तर पंखा बाहेर टाकेल तेवढी हवा आत येणार कुठून? नव्या गीझरना वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते, ज्योत विझली की गॅस तोडणारी सोय असते. त्या असायलाच हव्यात. पण पाच जणांच्या पाच आंघोळींत तो पाच वेळा नव्याने सुरू होतो आणि नीट पेटलेल्या ज्योतीतूनही बंद खोलीत हा वायू साठू शकतो. त्यांच्या भरवशावर आत गीझर लावावा, असं मला वाटत नाही.

गंमत अशी की आपल्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण त्यांचा बंब असायचा कुठे? परसात, ओसरीला, न्हाणीघराच्या दाराबाहेर. चुलीवरचा हंडाही बाहेरच. पाणी तापवायचं बाहेर आणि आणायचं आत. आग आणि आंघोळ एका बंद खोलीत नसायची. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवली तरी म्हातारी माणसं दार किलकिलं ठेवायला लावायची. बंबाचे गोडवे मला गायचे नाहीत. तो धूर, ती लाकडं फोडणं, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्यांशी फुंकणीने झटापट करणं, हे ज्यांनी केलंय त्यांना बंब फक्त दिवाणखान्यात शोभेला ठेवलेलाच आवडतो. आणि हौसेने बंबच न्हाणीघरात पेटवलात तर त्याचाही धोका तोच. पण आग बाहेर ठेवायची ही त्यांची रीत आपण स्लॅबच्या घरात आलो तेव्हा सोडून दिली, याला काय म्हणावं?

तर मग काय घ्यायचं? माझं मत विचाराल तर ज्यांच्या घरचं वायरिंग बरं आहे, व्होल्टेज अगदीच रडकं नाही, त्यांनी विजेचा इन्स्टंट घ्यावा. तीन लिटरचा पुरतो. वर आयएसआयचा शिक्का बघून घ्या. बोअरचं जड पाणी असेल तर आतल्या कॉइलवर पांढरा थर बसतो, दरवर्षी तो साफ करून घ्यावा लागेल. नाहीतर पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जळते. घरात एकाच वेळी दोन न्हाणीघरं चालत असतील, व्होल्टेज नेहमीच कमी असेल, तर जुना टाकीचा गीझरच ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. १५ लिटरच्या टाकीतलं ६० अंशांचं पाणी विसणलं की सव्वा बादली होतं. तो व्होल्टेज बरं असताना पहाटेच लावून ठेवता येतो, ही त्याची मोठीच सोय. त्यावर बीईईचे तारे असतात, जास्त तारे म्हणजे पाणी जास्त वेळ गरम. आणि गच्ची स्वतःची असेल, वर सावली पडत नसेल, तर सोलरचा विचार सगळ्यांत आधी करा. पहिला खर्च अंगावर येतो, नंतर मात्र बरेच महिने बिलाकडे बघायला लागत नाही.

गॅसचाच घ्यायचा असेल तरी हरकत नाही. फक्त तो भिंतीच्या पलीकडे. परसात, मागच्या ओट्यावर, गॅलरीत, जिथे वरून पाऊस लागणार नाही आणि हवा खेळती आहे अशा जागी. सिलिंडरही तिथेच बाहेर, आणि गीझर झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको. बंद बोळ किंवा चारी बाजूंनी बांधलेला डक्ट म्हणजे ‘बाहेर’ नव्हे. आत फक्त गरम पाण्याचा नळ आणायचा. यावर प्लंबर म्हणतो, ‘‘वहिनी, पाईपमध्ये पाणी गार होतं, पहिलं पाणी वाया जातं.’’ किती जातं? दहा फुटांच्या अर्ध्या इंची पाईपमध्ये जेमतेम अर्धा-पाऊण लिटर पाणी मावतं. एक तांब्या. तो तांब्या बादलीत धरा, विसणाला चालतो. पाईप मात्र गरम पाण्याचा, सी.पी.व्ही.सी.चा घ्यायला सांगा. साधा पांढरा पाईप उन्हाने-उकळत्या पाण्याने वाकतो. आणि एक आधीच विचारून घ्या. तुमची पाण्याची टाकी न्हाणीघराच्या छतावरच असेल तर पाण्याला दाब कमी पडतो आणि गॅस गीझर पेटतच नाही. बैठ्या घरांत हे फार होतं. गीझर घरी आणल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

ज्यांच्याकडे गॅस गीझर आधीपासून न्हाणीघरातच लावलेला आहे, त्यांनी हे वाचून घाबरून जाऊ नका, पण उद्या सकाळपासून एक करा. दार उघडं ठेवून बादली भरून घ्या. गीझर बंद करा. सिलिंडरचा कॉकही बंद. मग आत जाऊन कडी लावा. केस धुवायचे असतील तर दोन बादल्या भरून घ्या. शॉवर गीझरवर नको, मुलांना तर अजिबात नको. घरातल्या पाहुण्यांना, सुट्टीला आलेल्या माहेरवाशिणीला हे आपणहून सांगा, त्यांना ठाऊक नसतं. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवून घ्या. आत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर लाज-संकोच बाजूला ठेवून दार तोडा, गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत ओढा, लगेच दवाखान्यात न्या. शुद्धीवर आलं, आता बरं वाटतंय, म्हणून घरीच थांबू नका. यावर उपचार म्हणजे प्राणवायू, तो दवाखान्यातच मिळतो. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू होता. नाहीतर फिटचे नाहीतर हार्टचे तपास सुरू होतात आणि वेळ जातो.

कायमचा उपाय म्हणजे तो गीझर तिथून काढून बाहेर लावणं. भिंतीला एक भोक, आठ-दहा फूट पाईप, दोन जोड आणि प्लंबरची अर्ध्या दिवसाची मजुरी. ‘चाललंय ना इतकी वर्षं, कशाला तोडफोड?’ असं घरात म्हणतील. म्हणू द्यावं. प्लंबरला ज्या दिवशी बोलवाल त्या दिवशी घरी तुम्ही थांबा, कारण तुम्ही नसाल तर तो सोयीची जागा बघेल, आणि प्लंबरच्या सोयीची जागा म्हणजे जुनीच खुंटी. तो यायच्या आधी मागच्या भिंतीवर, सज्जाखाली, तुमच्या उंचीला बटण पोचेल अशा ठिकाणी खडूने चौकोन आखून ठेवा.